मानेतील अरुंद धमनीत स्टेंट बसवताना मेंदूचे परफ्युजन चित्रण कसे करावे आणि कसे वाचावे

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त पुरवणाऱ्या अंतर्गत कॅरोटिड धमन्यांपैकी एखादी मेदाच्या थरांमुळे अरुंद झाली आणि तिथे स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसवण्याचा विचार सुरू झाला, की डॉप्लर आणि सीटी अँजिओग्राफी या तपासण्या धमनी कुठे आणि किती टक्के अरुंद आहे ते सांगतात. पण त्या अरुंदपणामुळे मेंदूच्या पेशींपर्यंत पोचणारे रक्त खरोखर कमी झाले आहे का, मेंदूने त्यावर स्वतःचा काही मार्ग काढला आहे का, आणि स्टेंट बसवल्यावर परिस्थिती किती बदलली, या प्रश्नांची उत्तरे त्या चित्रांत नसतात. ती परफ्युजन चित्रणातून, म्हणजे मेंदूच्या प्रत्येक भागात रक्त किती आणि किती वेळात पोचते ते दाखवणाऱ्या तपासणीतून मिळतात. नागपुरात संपूर्ण पूर्व विदर्भातून, तसेच छिंदवाडा आणि बालाघाटच्या बाजूने लकव्याचे रुग्ण येत असतात. त्यांच्यावर उपचार करणारे तरुण डॉक्टर आणि सीटी-एमआरआय तंत्रज्ञ यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनाही त्यातला बराच भाग समजावा असा प्रयत्न आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर अवलंबून आहेत. स्टेंटनंतर केलेल्या परफ्युजन चित्रणाला एकट्याने फारसा अर्थ नसतो. स्टेंटच्या आधी, त्याच पद्धतीने, शक्यतो त्याच यंत्रावर आणि रुग्ण साधारण त्याच स्थितीत असताना घेतलेले चित्रण हाताशी असेल, तरच ‘सुधारणा झाली’ किंवा ‘प्रवाह धोकादायक वाढला’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. म्हणून स्टेंटची तारीख ठरते त्याच दिवशी आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही चित्रणांची आखणी झाली पाहिजे.

परफ्युजन चित्रण नेमके काय मोजते

शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे बोली भाषेतला ‘डाय’, वेगाने सोडला जातो आणि तो मेंदूतून पार होत असताना दर एक-दोन सेकंदांनी त्याच भागाची चित्रे घेतली जातात. प्रत्येक ठिकाणी कॉन्ट्रास्ट किती चढला, किती वेळात चढला आणि किती वेळात उतरला, यावरून संगणक काही नकाशे तयार करतो. सीबीएफ म्हणजे दर मिनिटाला १०० ग्रॅम मेंदूतून वाहणारे रक्त. निरोगी मेंदूत ते सरासरी ५० मिलिलिटरच्या आसपास असते, करड्या भागात जास्त आणि पांढऱ्या भागात बरेच कमी. सीबीव्ही म्हणजे १०० ग्रॅम मेंदूत एका वेळी असणारे रक्त, साधारण ४ मिलिलिटर. एमटीटी म्हणजे रक्ताला त्या भागातून पार होण्यास लागणारा सरासरी वेळ. हे तिन्ही आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत: सीबीव्हीला सीबीएफने भागले की एमटीटी मिळतो. ४ भागिले ५० म्हणजे ०.०८ मिनिट, अर्थात जवळपास ५ सेकंद. याशिवाय टीटीपी आणि टीमॅक्स हे नकाशे कॉन्ट्रास्ट किती उशिरा पोचला ते दाखवतात.

कॅरोटिड अरुंद झाल्यावर मेंदू लगेच हार मानत नाही. दाब कमी झालेल्या भागातल्या लहान रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे सीबीव्ही वाढतो, एमटीटी लांबतो आणि सीबीएफ जवळपास पूर्ववत राहतो. ही पहिली अवस्था. रुंदावण्याची मर्यादा संपली की सीबीएफ घसरू लागतो, आणि पेशी उपलब्ध रक्तातून नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन ओढून कशाबशा तग धरतात. ही दुसरी अवस्था, आणि तिच्यात लकव्याचा धोका खरोखर वाढतो. १९९८ मध्ये सेंट लुईस येथून प्रसिद्ध झालेल्या, कॅरोटिड पूर्ण बंद असलेल्या रुग्णांच्या अभ्यासात या अवस्थेतील रुग्णांना त्याच बाजूचा लकवा इतरांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आला होता. ऑक्सिजनचे हे ओढले जाणे थेट मोजण्यासाठी पेट स्कॅनची खास पद्धत लागते. सीटी किंवा एमआर परफ्युजन त्याचा केवळ अंदाज देतात, हे अहवाल लिहिताना विसरू नये.

पहिली पायरी: रुग्ण निवडणे

माझे स्पष्ट मत असे आहे की स्टेंट बसवणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे परफ्युजन चित्रण करण्याची गरज नाही. कॅरोटिडमुळे येणारे बहुतेक लकवे रक्त कमी पडल्याने येत नाहीत. तिथल्या थरावरून सुटलेली गुठळी मेंदूत जाऊन अडकल्याने ते येतात. १९९१ च्या नॅसेट अभ्यासाने लक्षणे असलेल्या आणि ७० ते ९९ टक्के अरुंद धमनी असलेल्या रुग्णांत दोन वर्षांतील त्याच बाजूच्या लकव्याचे प्रमाण धमनीतला थर काढण्याच्या शस्त्रक्रियेमुळे २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आल्याचे दाखवले, आणि त्यात परफ्युजन चित्रणाचा काही संबंध नव्हता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रेस्ट अभ्यासाने २,५०२ रुग्णांत स्टेंट आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली. एकूण परिणाम सारखेच निघाले. मात्र साधारण ७० वर्षांवरील रुग्णांना शस्त्रक्रिया आणि त्याखालील वयात स्टेंट काहीसा अधिक मानवतो असा कल दिसला. तेव्हा स्टेंट बसवायचा की नाही हा निर्णय लक्षणे, अरुंदपणाची टक्केवारी, वय, हृदयाची स्थिती आणि धमनीची रचना यांवरच घ्यावा. परफ्युजनचा नकाशा लाल-निळा दिसतो म्हणून स्टेंट बसवू नये.

याला आधार देणारा एक महत्त्वाचा धडा २०११ च्या कॉस अभ्यासातून मिळाला. त्यात कॅरोटिड पूर्ण बंद असलेल्या आणि पेटवर दुसरी अवस्था सिद्ध झालेल्या रुग्णांची कवटीबाहेरची धमनी मेंदूच्या धमनीला जोडण्यात आली. रक्तपुरवठा सुधारला, पण दोन वर्षांतील लकव्याचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात २१.० टक्के आणि केवळ औषधांच्या गटात २२.७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले, कारण शस्त्रक्रियेच्या वेळचा धोकाच फायदा खाऊन गेला. नकाशा सुधारणे आणि रुग्णाचा लकवा टळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग परफ्युजन करावे कोणाचे? ज्यांची धमनी ९० टक्क्यांहून अधिक अरुंद आहे किंवा जवळजवळ बंद होऊन पुढे सुरकुतली आहे. ज्यांची दुसऱ्या बाजूची कॅरोटिड बंद आहे. ज्यांच्या डोक्यातील धमनीही त्याच बाजूला अरुंद आहे. ज्यांच्या एमआरआयवर दोन धमन्यांच्या हद्दीवरचे लहान लहान इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताअभावी मेलेले भाग, ओळीने दिसतात. आणि ज्यांना उभे राहिल्यावर एक हात किंवा पाय काही क्षण थरथरतो. हे शेवटचे लक्षण अनेकदा फिट समजून फिटच्या गोळ्यांवर जाते, म्हणून त्याबद्दल मुद्दाम विचारावे. या सर्व रुग्णांत रक्त कमी पडत असण्याची शक्यता खरी असते, आणि स्टेंटनंतर प्रवाह एकदम वाढून रक्तस्राव होण्याचा धोकाही यांनाच अधिक असतो. परफ्युजन चित्रणाचा सर्वांत मोठा व्यावहारिक उपयोग, माझ्या दृष्टीने, हा धोका आधी ओळखण्यासाठी आहे.

दुसरी पायरी: पद्धत निवडणे

सीटी परफ्युजन लवकर होते, बहुतेक नव्या सीटी यंत्रांवर करता येते आणि आकडे देते. त्याची किंमत म्हणजे किरणोत्सर्ग आणि आयोडीनचा कॉन्ट्रास्ट. एमआर परफ्युजनमध्ये गॅडोलिनियम देऊन घेतली जाणारी पद्धत संपूर्ण मेंदू दाखवते, आणि त्याच बैठकीत रक्ताअभावी नुकतीच झालेली इजा दाखवणारे डिफ्युजन चित्रणही होते, जे स्टेंटनंतर अत्यंत मोलाचे असते. स्पेक्ट चित्रण टेक्निशियम या किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने होते. ते न्यूक्लिअर मेडिसिन विभाग जवळ असेल तरच सोयीचे.

एएसएल या एमआर पद्धतीत कोणतेही इंजेक्शन लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तालाच चुंबकीय खूण केली जाते. मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णासाठी ती फार आकर्षक आहे, पण कॅरोटिड स्टेंटच्या बाबतीत तिच्यात दोन अडचणी आहेत. स्टेंटच्या आधी रक्त उशिरा पोचत असल्याने खूण केलेले रक्त चित्रणाच्या क्षणी अजून मोठ्या धमन्यांतच असते. मग मेंदू रिकामा आणि धमन्या चकाकत्या दिसतात, आणि प्रवाह प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो. त्यासाठी खुणेनंतरचा थांबा किमान २ सेकंद ठेवावा. स्टेंटनंतरची अडचण वेगळी आहे: खूण करण्याची पातळी जर स्टेंटच्या धातूवर आली तर त्या बाजूची खूणच नीट होत नाही, आणि चांगला चाललेला स्टेंट असतानाही त्या बाजूचा प्रवाह घटल्याचा खोटा नकाशा मिळतो. म्हणून ती पातळी स्टेंटच्या वर ठेवावी, आणि स्टेंट मानेत नेमका कुठवर आहे याची नोंद तंत्रज्ञाकडे आधीच पोचलेली असावी.

पद्धत कोणतीही निवडा, आधी आणि नंतर तीच ठेवा. आधी सीटी आणि नंतर एएसएल अशी तुलना करून काढलेली टक्केवारी निरर्थक असते.

तिसरी पायरी: रुग्णाची तयारी

गोंदिया, गडचिरोली किंवा चंद्रपूरहून रात्रीच्या गाडीने आलेला, ‘उपाशी या’ असे सांगितल्यामुळे आदल्या संध्याकाळपासून पाणीही न प्यालेला वयस्क रुग्ण मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात सीटी विभागाबाहेर बसलेला असतो. अशा रुग्णाला कॉन्ट्रास्ट देणे त्याच्या मूत्रपिंडासाठी धोक्याचे आहे, आणि शरीरातील पाणी व रक्तदाब दोन्ही उतरलेले असल्याने त्याचा परफ्युजन नकाशाही खऱ्यापेक्षा वाईट दिसतो. कॉन्ट्रास्टसाठी पाणी बंद करण्याची गरज नसते. लेखी सूचनेत ‘पाणी पीत राहावे’ हे शब्द असावेत, आणि शक्य असेल तर लांबून आलेल्या रुग्णाला एक दिवस आधी दाखल करून घ्यावे.

क्रिएटिनिन तपासून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, काढावा. तो ३० च्या खाली असेल तर आयोडीन कॉन्ट्रास्टचा पुनर्विचार करावा. सीटी अँजिओग्राफी, सीटी परफ्युजन आणि स्टेंटच्या वेळची अँजिओग्राफी या तिन्हींत कॉन्ट्रास्ट जातो, आणि ते सगळे एकाच आठवड्यात झाले तर बेरीज मोठी होते. ही बेरीज कोणीतरी एका व्यक्तीने ठेवायला हवी. मधुमेहाच्या रुग्णाचे मूत्रपिंड कमजोर असल्यास मेटफॉर्मिन थांबवून ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहूनच पुन्हा सुरू करावे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या मात्र कोणत्याही तपासणीसाठी बंद करू नयेत, आणि हे नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगावे.

हिमोग्लोबिन पाहावे. ते कमी असेल तर मेंदूचा प्रवाह मुळातच वाढलेला असतो, आणि दोन चित्रणांच्या मध्ये हिमोग्लोबिन बदलले असेल तर आकडेही बदलतात. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याने त्याबद्दल मुद्दाम विचारावे. कमी वयाच्या सिकलसेल रुग्णात धमनी अरुंद आढळली तर तो अरुंदपणा बहुधा मानेत नसून डोक्यात शिरल्यानंतरच्या भागात असतो, आणि त्याचा उपचार रक्त देण्याच्या दिशेने जातो. या लेखातील मार्ग त्याला लागू नाही.

चित्रणाच्या दिवशी सकाळी चहा-कॉफी टाळावी, कारण कॅफिनमुळे मेंदूतील रक्तवाहिन्या आकसतात आणि प्रवाह लक्षणीय घटतो. बिडी, सिगारेट आणि खर्राही त्या दिवशी नको. खर्ऱ्याची गोष्ट तपासणीपुरती न ठेवता त्याच वेळी पुढच्या आयुष्यासाठीही बोलून घ्यावी; स्टेंट बसवून घेतल्यावरही तंबाखू सुरू राहिला तर बाकीच्या धमन्या त्याच वाटेने जातात. टेबलावर घेताना रक्तदाब आणि नाडी लिहून ठेवावी. घाबरलेला रुग्ण जोरजोरात श्वास घेतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूचा प्रवाह दर मिलिमीटर पाऱ्यामागे सुमारे ३ टक्के कमी होतो. म्हणून इंजेक्शनच्या वेळी अंगात गरम लाट गेल्यासारखे वाटेल, घाबरू नका, डोके हलवू नका, हे दोन मिनिटे बसून समजावणे हा तपासणीचाच भाग मानावा.

चौथी पायरी: सीटी परफ्युजन घेणे

उजव्या कोपराच्या घडीतील शिरेत १८ किंवा २० नंबरचे व्हेनफ्लॉन असावे. डाव्या हातातून दिलेला कॉन्ट्रास्ट कधी कधी छातीतील शिरेतून मानेकडे उलटा जातो. प्रेशर इंजेक्टरने ४० ते ५० मिलिलिटर कॉन्ट्रास्ट सेकंदाला ५ मिलिलिटरच्या आसपास वेगाने द्यावा आणि त्यामागून तेवढ्याच वेगाने ३० ते ४० मिलिलिटर सलाईन. हातावरची शीर बारीक असेल तर वेग थोडा कमी करावा, पण तो लिहून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या वेळीही तोच राहील.

यंत्र एका वेळी मेंदूचा किती भाग टिपते हे यंत्रागणिक वेगळे असते. ६४ स्लाइसच्या यंत्रावर ते साधारण ४ सेंटिमीटरपर्यंतच असते. अशा वेळी मेंदूच्या खोल मध्यातील बेसल गँग्लियापासून वर सेंट्रम सेमिओव्हाले या पांढऱ्या भागापर्यंतचा पट्टा घ्यावा, कारण कॅरोटिडच्या अरुंदपणाचा पहिला फटका दोन धमन्यांच्या हद्दीवरील भागाला बसतो, जसे कालव्याच्या शेपटाकडील शेताला पाणी सर्वांत आधी कमी पडते, आणि तो भाग वरच्या पातळीवर असतो. डोळ्यांची भिंगे पट्ट्याबाहेर राहतील असा कोन घ्यावा. तो कोन आणि पातळी दाखवणारा स्काउट, म्हणजे स्कॅनआधीचे आखणीचे चित्र, जपून ठेवावा. दुसऱ्या चित्रणाच्या वेळी तंत्रज्ञासमोर तो उघडलेला असला पाहिजे.

नळीचा व्होल्टेज ८० केव्ही ठेवावा. तो १२० वर नेण्याने आयोडीनचा उठाव कमी होतो आणि किरणोत्सर्ग मात्र वाढतो. २००८-०९ मध्ये लॉस एंजेलिस येथील एका रुग्णालयात सीटी परफ्युजनची मांडणी चुकीची राहिल्याने २०६ रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट किरणोत्सर्ग मिळाला होता आणि काहींच्या डोक्यावरचे केस पट्ट्यांत गेल्यावरच ते उघडकीस आले. स्कॅन सुरू करण्यापूर्वी पडद्यावर दिसणारा डोसचा आकडा पाहण्याची सवय प्रत्येक तंत्रज्ञाला असावी. तो ५०० मिलिग्रेच्या बराच खाली असायला हवा, आणि तसा नसेल तर तिथेच थांबावे.

कॅरोटिडच्या रुग्णांत सर्वाधिक घडणारी तांत्रिक चूक म्हणजे चित्रण लवकर संपवणे. अरुंद बाजूला कॉन्ट्रास्ट उशिरा पोचतो आणि सावकाश उतरतो. नेहमीच्या ४५ ते ५० सेकंदांत थांबलो तर आलेख अर्धवट राहतो, आणि सीबीव्ही व एमटीटी दोन्ही खऱ्यापेक्षा कमी मोजले जातात. निदान ७० सेकंद चित्रण करावे; हृदयाची पंपिंग क्षमता कमी असेल तर ९० सेकंदांपर्यंत जावे. सुरुवातीला दर दीड-दोन सेकंदांनी आणि शेवटच्या भागात दर तीन सेकंदांनी चित्र घेतले तर एकूण डोस आटोक्यात राहतो.

पाचवी पायरी: आकडेमोड

संगणकाला दोन जागा दाखवाव्या लागतात: रक्त आत येण्याची धमनी आणि बाहेर जाण्याची शीर. शिरेसाठी कवटीच्या मागच्या बाजूचा सुपिरियर सॅजिटल सायनस घ्यावा. धमनी शक्यतो निरोगी बाजूची, स्लाइसला काटकोनात जाणारी निवडावी, आणि स्टेंटनंतरच्या आकडेमोडीतही तीच घ्यावी. संगणकाने आपोआप निवडलेली धमनी दोन्ही वेळी वेगळी निघाली तर सगळी तुलना कोलमडते, म्हणून ती नेहमी डोळ्यांनी तपासावी. सॉफ्टवेअरमध्ये उशिरा पोचण्याचा परिणाम वजा करणारी पद्धत उपलब्ध असेल तर तीच वापरावी. नाहीतर केवळ उशीर झाल्यामुळे सीबीएफ कमी आणि एमटीटी जास्त दिसतो.

निव्वळ आकड्यांवर फार विसंबू नये. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधून एकाच रुग्णाचे आकडे वेगवेगळे येतात. अरुंद बाजूचा आकडा भागिले निरोगी बाजूच्या आरशासारख्या समोरच्या जागेचा आकडा, असे गुणोत्तर अधिक भरवशाचे असते. दुसरी कॅरोटिडही आजारी असेल तर संदर्भासाठी लहान मेंदूचा अर्धा भाग घ्यावा, तोही मोठ्या मेंदूत जिथे इजा आहे त्याच बाजूचा. विरुद्ध बाजूचा लहान मेंदू मोठ्या मेंदूतील इजेमुळे स्वतःच थंडावलेला असू शकतो. जुना इन्फार्क्ट मोजणीच्या वर्तुळात येऊ देऊ नये. मेलेल्या भागात स्टेंटनंतरही प्रवाह परतणार नाही, आणि सरासरीत तो मिसळला तर खरी सुधारणा झाकली जाते.

सहावी पायरी: आधीचा नकाशा वाचणे

फक्त टीटीपी किंवा टीमॅक्स लांबलेला आणि बाकी सगळे समान असेल, तर रक्त लांबच्या वाटेने पण पुरेसे येत आहे असे समजावे. एमटीटी लांबलेला, सीबीव्ही वाढलेला आणि सीबीएफ टिकलेला असेल, तर मेंदूची राखीव ताकद खर्च होत आहे. एमटीटी फार लांबून सीबीएफही घसरलेला असेल, तर ती राखीव ताकद संपत आली आहे. अशा रुग्णात स्टेंट पुढे ढकलू नये आणि स्टेंटनंतरच्या रक्तदाबाची योजना आधीच लिहून ठेवावी.

इथे आपत्कालीन विभागातील सहकाऱ्यांसाठी एक सूचना देणे मला आवश्यक वाटते. तातडीच्या लकव्यात वापरले जाणारे स्वयंचलित सॉफ्टवेअर टीमॅक्स ६ सेकंदांहून अधिक असलेला सर्व भाग ‘धोक्यातील मेंदू’ म्हणून रंगवते. ज्याची कॅरोटिड वर्षानुवर्षे अरुंद आहे, त्याच्या अर्ध्या मेंदूत हा उशीर रोजचाच असतो. तो रंग पाहून तातडीने डोक्यातील गुठळी काढायला निघण्यापूर्वी मानेची अँजिओग्राफी पाहावी आणि रुग्णाचे जुने परफ्युजन मागवावे.

राखीव ताकद किती उरली आहे हे अधिक नेमकेपणाने पाहायचे असेल तर डायमॉक्स चाचणी करता येते. डायमॉक्स, म्हणजे मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावणारे ॲसिटॅझोलामाइड, १ ग्रॅम शिरेतून देऊन १५ ते २० मिनिटांनी परफ्युजन पुन्हा घेतले जाते. निरोगी मेंदूत प्रवाह सुमारे ३० टक्के किंवा अधिक वाढतो. १० टक्क्यांहून कमी वाढला तर राखीव ताकद क्षीण आहे, आणि उलट घटला तर आजारी बाजूचे रक्त निरोगी बाजूकडे ओढले जात आहे. ओठ व बोटांना मुंग्या येतात, डोके दुखते आणि लघवी जास्त होते, हे रुग्णाला आधी सांगावे. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा गंभीर आजार आणि नुकताच आलेला मोठा लकवा असेल तर ही चाचणी करू नये. सीटीवर ती केल्यास डोस आणि कॉन्ट्रास्ट दुप्पट होतो, म्हणून ती स्पेक्ट किंवा एएसएलवर करणे मला अधिक योग्य वाटते.

सातवी पायरी: स्टेंटनंतरचे चित्रण

आधीचे चित्रण स्टेंटच्या जास्तीत जास्त आठवडाभर आधी, आणि नंतरचे पहिले चित्रण २४ ते ७२ तासांत घ्यावे. स्टेंट फुगवताना मानेतील दाबसंवेदक भाग दाबला जातो, त्यामुळे नाडी आणि रक्तदाब पहिल्या काही तासांत, कधी एक-दोन दिवसही, खाली राहतात. रक्तदाब उतरलेला असताना घेतलेला नकाशा स्टेंटचा गुण दाखवत नाही. तो स्थिर होईपर्यंत थांबावे. अर्थात डोकेदुखी, फिट किंवा नवा अशक्तपणा आला तर थांबण्याचा प्रश्नच नाही.

चांगल्या स्टेंटनंतर सर्वांत आधी आणि सर्वांत ठळकपणे सुधारतात ते एमटीटी आणि टीटीपी. दोन्ही बाजू काही दिवसांतच जवळपास समान दिसू लागतात. सीबीएफ थोडा वाढतो, पण ज्यांचा तो आधीच टिकलेला होता त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही, आणि त्यावरून स्टेंट वाया गेला असा निष्कर्ष काढणे चूक आहे. आधी वाढलेला सीबीव्ही हळूहळू खाली येतो, कारण रक्तवाहिन्यांना आता ताणून रुंद राहण्याची गरज उरत नाही.

एमटीटी सुधारलाच नाही तर कारण शोधावे. स्टेंटच्या पुढे, डोक्यातील धमनी अरुंद आहे का. हृदयाचा पंप कमजोर आहे का. मोजलेला भाग जुना इन्फार्क्ट आहे का. आणि मुख्य म्हणजे स्टेंटमध्येच गुठळी धरली आहे का. या शेवटच्या शंकेचे उत्तर परफ्युजन देत नाही, त्यासाठी त्याच दिवशी डॉप्लर करावे.

एमआर उपलब्ध असल्यास डिफ्युजन चित्रण अवश्य जोडावे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीच्या एमआर उपअभ्यासात स्टेंटनंतर ५० टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर १७ टक्के रुग्णांत मेंदूत नवे ठिपके आढळले होते, आणि त्यांपैकी बहुतेकांना काही जाणवलेही नव्हते. परफ्युजन सुधारले आणि त्याच वेळी चार नवे ठिपके आले, असे दोन्ही घडू शकते. अहवालात दोन्ही यावे.

प्रवाह एकदम वाढला तर

महिनोनमहिने कमी दाबाला सरावलेल्या रक्तवाहिन्या कायम रुंदावलेल्या असतात. स्टेंट उघडताच त्यांच्यात पूर्ण दाबाने रक्त येते आणि त्या आकसू शकत नाहीत. प्रवाह आधीच्या दुपटीहून अधिक झाला, म्हणजे १०० टक्क्यांपेक्षा जास्त वाढला, तर त्याला हायपरपरफ्युजन म्हणतात. त्याबरोबर त्याच बाजूची डोकेदुखी, डोळ्यामागे ठणका, गोंधळ, फिट किंवा अशक्तपणा आला की तो हायपरपरफ्युजन सिंड्रोम होतो, आणि त्याची परिणती मेंदूतील रक्तस्रावात होऊ शकते. २००७ मध्ये जपानमधून प्रसिद्ध झालेल्या ४,४९४ रुग्णांच्या पाहणीत हा सिंड्रोम १.४ टक्के रुग्णांत आढळला. शस्त्रक्रियेनंतर तो साधारण सहाव्या दिवशी सर्वाधिक दिसला, तर स्टेंटनंतर पहिल्या १२ तासांतच. स्टेंटनंतरची पहिली रात्र म्हणूनच आयसीयूत काढावी, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला ‘डोके दुखते’ या तक्रारीचे महत्त्व ठाऊक असावे.

एमटीटी आधीच फार लांबलेला, डायमॉक्सला प्रतिसाद नसलेला, दुसरी कॅरोटिड बंद असलेला आणि रक्तदाब आटोक्यात नसलेला रुग्ण सर्वाधिक धोक्यात असतो. त्याचा वरचा रक्तदाब १४० च्या खाली, आणि धोका फारच मोठा असेल तर १२० च्या आसपास ठेवावा. लॅबेटालॉल उपयुक्त आहे. नायट्रोग्लिसरीन किंवा हायड्रॅलाझिनसारखी रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे टाळावीत, कारण ती मेंदूतील प्रवाह आणखी वाढवू शकतात. आकडा १०० टक्क्यांपर्यंत पोचला नाही म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. त्याचप्रमाणे, अँजिओग्राफीनंतरच्या साध्या सीटीवर मेंदूच्या घड्यांत दिसणारा पांढरेपणा हा नेहमी रक्तस्रावच नसतो. कॉन्ट्रास्ट झिरपूनही तो दिसतो. दोन वेगळ्या ऊर्जांची किरणे वापरून कॉन्ट्रास्ट आणि रक्त वेगळे दाखवणारी ड्युअल एनर्जी सीटी असेल तर लगेच, नसेल तर २४ तासांनी पुन्हा सीटी घेऊन फरक कळतो, कारण तोवर कॉन्ट्रास्ट बहुधा धुऊन जातो.

अहवाल आणि पुढची देखरेख

अहवालात दोन्ही चित्रणांच्या तारखा, त्या वेळचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, कॉन्ट्रास्टची मात्रा व वेग, निवडलेली धमनी, आणि अग्र, मध्य व पश्च धमन्यांच्या क्षेत्रांतील तसेच हद्दीवरील भागातील गुणोत्तरे लिहावीत. ‘परफ्युजन सुधारले’ एवढ्या एका ओळीने पुढच्या डॉक्टरला काहीच हाती लागत नाही.

पुढचे परफ्युजन तीन ते सहा महिन्यांनी, आणि तेही फक्त पहिल्या चित्रणात काही शंका राहिली असेल तरच करावे. नेहमीची देखरेख डॉप्लरवर करावी: एक महिन्याच्या आत पहिले, सहा महिन्यांनी दुसरे आणि नंतर दरवर्षी. भंडारा किंवा गोंदियात डॉप्लर करणाऱ्या सहकाऱ्याला स्टेंट असल्याचे कळवणे गरजेचे आहे, कारण स्टेंटमुळे धमनी ताठ होते आणि रक्ताचा वेग स्वाभाविकपणेच जास्त मोजला जातो. नेहमीच्या धमनीचे निकष लावले तर धडधाकट स्टेंटही अरुंद ठरतो. स्टेंटमधील ५० टक्के अरुंदपणासाठी सेकंदाला २२० सेंटिमीटर आणि ८० टक्क्यांसाठी ३४० सेंटिमीटर हे वेगाचे आकडे प्रचलित आहेत.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घेणाऱ्या कुटुंबाने स्टेंटबरोबर कोणत्या तपासण्या मंजुरीत धरल्या आहेत, हे दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. सुटी होताना नातेवाइकांनी फिल्मवर समाधान न मानता दोन्ही परफ्युजनची संपूर्ण डायकॉम (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा आणि स्टेंटच्या कार्डासोबत घरी ठेवावा. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या किमान एक महिना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील ती एक गोळी कायम घ्यायची आहे. दात काढायचा असो की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असो, त्या गोळ्या थांबवण्यापूर्वी ज्यांनी स्टेंट बसवला त्यांना फोन करावा.